दगडोबाच्या आसरा

दगडोबा उभ्या आयुष्यात देवळाची पायरी चढला नाही. स्वतःच्या लग्नात वरात मारुतीच्या पारापर्यंत गेली, तेव्हासुद्धा तो "तुमी या जाऊन, मी घोडं धरतो" म्हणून बाहेरच थांबला होता, आणि नवरदेवानंच घोडं धरलेलं बघून सगळी वरात हसली होती. औंढ्याला तो गेला तर नांगराचा फाळ आणायला जायचा, नागनाथाला नाही. असा माणूस एके दिवशी नदीतून सात गोटे वाहून आणतो, तळ्याच्या पायथ्याशी मांडतो, त्यांना शेंदूर फासतो आणि बायकोला म्हणतो, "कमल, ह्या सात आसरा. पाण्याच्या देव्या. रोज सकाळी यांची पूजा तुझ्याकडं." कमलबाईला वाटलं, माणसाला ऊन लागलं.

या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली.

तळं त्यांचं स्वतःचं. पुसेगावच्या पलीकडे दोन टेकाडांच्या मधून एक नाला येतो. त्याच्या आडवी दगडोबानं मातीची भिंत घातली. आपल्याकडे तिला पाळू म्हणतात. सरकारचा एक दगडही तिच्यात नाही. दगडोबा आणि त्याचा जोडीदार बाबामिया, या दोघांनी दोन उन्हाळे गाढवांवर माती वाहिली आणि धुम्मस मारमारून थरावर थर बसवला. पाळूच्या पोटात भरायला दगडोबानं आपल्या सगळ्यात चांगल्या वावरातली काळीभोर माती खणून काढली. त्यावरून कमलबाईनं आठ दिवस त्याच्याशी अबोला धरला होता. वरून मात्र सगळा तांबडा मुरूम. एका टोकाला, टेकाडाच्या कडक जमिनीत, जास्तीचं पाणी निघून जायला सांडवा. बाबामियाला घर नव्हतं म्हणून पाळूच्या खाली, नाल्याच्या काठावर, दगडोबानं त्याला जागा दिली. आता बाबामिया नाही, पण त्याची बायको मदीनाबी, थोरला फारुक आणि धाकटा अफरोज यांची तीन पत्र्याची घरं तिथं आहेत.

तळं पहिल्यांदा भरलं तेव्हा दगडोबा धुतलेलं धोतर नेसून हिंगोलीच्या एका कचेरीत जाऊन आला. तिथल्या साहेबानं त्याला चहा पाजला आणि सांगितलं, बाबा, खाजगी तळं आमच्या यादीत येत नाही, ज्याचं तळं त्यानंच राखायचं. दगडोबाला काही ते वाईट वाटलं नाही. घरी येऊन म्हणाला, "बराबर हाय. म्हैस आपली, मग राखायला सरकार कशाला?"

दुसऱ्या पावसाळ्यात पाळूच्या पायथ्याशी एका जागी ओल आली. मग तिथून करंगळीएवढी धार लागली. दगडोबा दोन दिवस त्या जागेजवळ उकिडवा बसून होता. बाबामियाही होता. दोघांनी तिथं काहीतरी खणाखणी केली, आणि तिसऱ्या दिवशी ते सात गोटे आले. गावात बोलबाला झाला, की दगडोबाच्या तळ्याखाली आसरांचा जिवंत झरा लागला. नाला कोरडा पडला तरी झरा वाहायचा. पाणी काचेसारखं. मदीनाबीचं घर तर त्याच पाण्यावर चालायचं.

कमलबाई रोज सकाळी जायची. हळदकुंकू, दोन फुलं, अमावस्येला दहीभात. ती परत आली की दगडोबा ओसरीतल्या बाजेवर बसलेला असायचा. समोर चहा. पण चहाला हात लावायच्या आधी विचारायचा, "पाणी कसं व्हतं?"

"कसं असणार? पाण्यासारखं."

"नितळ व्हतं का?"

"व्हय बाबा, नितळ."

मगच तो कप उचलायचा. एक दिवस चुकला नाही. थोरला पोरगा वैजनाथ हे ऐकतच लहानाचा मोठा झाला. तो आणि त्याच्या बहिणी आईबापाची नक्कल करायचे. एक बाजेवर बसायचा, एक दारातून यायची. कमलबाईला ताप असो, पाय मुरगळलेला असो, दगडोबा तिला म्हणायचा, जाऊन ये, देवीला खाडा नको. तिला वाटायचं, देव न मानणारा माणूस म्हातारपणी वळतो, तसा हा जरा लवकरच वळला. आणि खरं सांगायचं तर तिला त्याचं कौतुकही वाटायचं.

एकच गोष्ट तिला कधी पटली नाही. आसरांच्या बाजूला दगडोबानं बारीक रेती, जाड रेती आणि बोराएवढी खडी यांचे तीन ढीग घालून ठेवले होते. भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण. घराला गिलावा करायचा होता, गोठ्याची गव्हाण बांधायची होती, तरी त्या ढिगातलं एक टोपलं त्यानं कुणाला उचलू दिलं नाही. "ती आसरांची हाय," एवढंच म्हणायचा. आसरांना रेती कशाला लागते, असं ती विचारायची. तो बिडी पेटवायचा.

तीन वर्षांपूर्वी दगडोबा वावरातच गेला. सकाळी पाणी कसं होतं ते विचारून, चहा पिऊन गेला तो दुपारी चौघांच्या खांद्यावर आला. त्यानंतर कमलबाई पूजेला जातच राहिली, पण परत आल्यावर तिला कुणी काही विचारलं नाही. बाज रिकामी असायची. चहा ती चुलीपाशीच उभ्यानं प्यायची.

कारभार वैजनाथकडे आला. पोरगा कष्टाळू, डोक्यानं तल्लख, पण सगळं झटपट हवं. त्यानं हळदीचं क्षेत्र दुप्पट केलं. हळद म्हणजे पाण्याची हावरी. यंदा श्रावणात त्यानं सांडव्यात मुरमानं भरलेल्या गोण्यांचे दोन थर रचले आणि तळ्यात दीड फूट पाणी जास्तीचं अडवलं. दगडोबा असता तर त्यानं त्या गोण्या वैजनाथच्या डोक्यावर देऊन उतरवल्या असत्या. सांडव्यात कुणी नुसता दगड टाकला तरी तो चिडायचा, म्हणायचा, "तळ्याचं नाक दाबू नका रे." पण आता विचारायचं कुणाला?

आणि हळद वाळवायला सिमेंटचं खळं हवं होतं. वैजनाथ म्हणाला, "माय, ती रेती पडून राहिली नुसती. घेऊ का?" कमलबाईनं क्षणभर विचार केला. मग म्हणाली, "घे. देवीला काय रेती खायची हाय?" तिन्ही ढीग दोन दिवसांत खळ्यात गेले. खळं मात्र झकास झालं.

भाद्रपदात पावसानं चार दिवस उसंत घेतली नाही. पाचव्या दिवशी सकाळी उघडीप पडली आणि कमलबाई ताट घेऊन आसरांकडे गेली, तर झरा मनगटाएवढा झाला होता. सात गोट्यांच्या मधून पाणी नुसतं उसळत होतं. तिला आनंद झाला. आसरा प्रसन्न झाल्या, हे तिनं वाटेत भेटलेल्या सखुबाईला सांगितलं, आणि सखुबाईला सांगितलं म्हणजे गावाला दवंडी दिल्यासारखंच. दोन तासांत पंधरा-वीस बायका आल्या. कुणी हिरव्या बांगड्या वाहिल्या, कुणी खण. हळदकुंकवाचा तर नुसता चिखल झाला. पाणी तांबूस-पिवळं होऊन नाल्याकडे वाहायला लागलं, आणि ते बघून एक म्हातारी म्हणाली, की देवीनं मळवट भरला. सगळ्यांनी हात जोडले. कमलबाईला त्या दिवशी जरा मिरवल्यासारखंच वाटत होतं. देवी तिच्या तळ्याखाली होती ना.

ती घरी येऊन टेकली नाही तोच मदीनाबी अंगणात आली. पदर खोचलेला, कडेवर नातू, हाताला धरून आफिफा नावाची नात, मागे दोन सुना आणि बाकीची लेकरं. हातात ना बोचकं ना भांडं.

"काय गं मदीना, कुठं निघाली वरात?"

"इथंच आले. आमाला तुमच्या ओसरीवर बसू द्या, कमलबाई. आन् वैजनाथला बोलवा. पाणी गढूळ येऊन राहिलं."

"कुठलं पाणी?"

"झऱ्याचं. सकाळच्या घागरीत तळाला बोटभर गाळ बसला."

कमलबाईच्या कपाळावर आठी आली. "अगं, कुंकू हाय ते. सकाळपासून गावानं वाहिलं. तुला रंग दिसला असंल."

"मी घागर भरली तवा तुमी पूजेला आल्या बी नव्हत्या," मदीनाबी म्हणाली. "आन् कुंकू काळं असतंय का?"

"मग असंल पावसाचं. त्यासाठी लेकरं घेऊन घर सोडायचं? भांडी तरी आणायची."

"भांडी घ्यायची न्हाईत असं सांगितलंय."

"कुणी?"

मदीनाबीनं नातवाला खाली ठेवलं. ती जरा घुटमळली. मग म्हणाली, "तुमच्या मालकानं. आमचं घर बांधलं तवाच. त्यांनी आन् लेकरांच्या अब्बानं मला त्या झऱ्यापाशी नेलं, म्हणाले, मदीना, हे पाणी नितळ हाय तवर बिनघोर ऱ्हा. ज्या दिवशी गढूळ दिसंल त्या दिवशी लेकरं घ्यायची आन् वर निघायचं. भांडं बी घ्यायचं न्हाई. पाळूच्या आतली माती वाहून राहिली असं समजायचं."

पहिल्यांदा कमलबाईला जे वाटलं ते पाळूबद्दल नव्हतंच. तिला राग आला. सव्वीस वर्षं रोज सकाळी ती चिखलातून, थंडीतून त्या गोट्यांकडे गेली, आणि नवऱ्यानं खरी गोष्ट सांगितली कुणाला, तर मदीनाला!

"झरा न्हाई तो?" ती म्हणाली.

"तळं गळतंय ते, कमलबाई. पहिल्यापासून."

"आन् आसरा?"

मदीनाबीनं नातवाला परत कडेवर घेतलं.

कमलबाईनं फळीवरचा स्टीलचा गडवा घेतला आणि तशीच अनवाणी निघाली. झऱ्यापाशी गेल्यावर तिनं वाहिलेलं सगळं बाजूला सारलं, बांगड्या, खण, फुलं, आणि गोट्यांच्या फटीत जिथं पाणी आतून येत होतं तिथं गडवा धरला. भरल्यावर तो उन्हात ठेवून ती शेजारी उकिडवी बसली. दगडोबा बसायचा तशीच. थोड्या वेळानं तिनं वरचं पाणी हळूच ओतून दिलं. तळाशी गाळ होता. तिनं तो चिमटीत घेतला. तांबडा नाही, पिवळा नाही. काळाभोर, लोण्यासारखा मऊ.

ही माती तिनं ओळखली. ओळखणार नाही तर काय, याच मातीवरून तिनं आठ दिवस अबोला धरला होता. या अख्ख्या टेकाडावर मुरुमाशिवाय काही नाही. काळी माती होती ती फक्त पाळूच्या पोटात.

तिच्या डोळ्यांसमोर आली ती मदीनाची तीन घरं, आणि मग दारात उभी राहून "नितळ" म्हणणारी ती स्वतः. तो रोज विचारत होता. तेवीस वर्षं तो देवीचं नव्हे, पाळूचं विचारत होता. त्याला कळलं होतं, की गळती बघायला बायको फार तर आठ दिवस जाईल, नवव्या दिवशी म्हणेल, काल तर बघितली. पण देवीला ती तापातसुद्धा जाईल. आणि तो गेल्यावर कुणी विचारलं नाही, म्हणून तिनंही पाण्याकडे बघायचं सोडलं. हळदकुंकू वाहायचं, हात जोडायचे, निघायचं. या तीन वर्षांत तिनं पाणी एकदाही पाहिलं नव्हतं.

"लबाड माणूस," ती मोठ्यानं म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसून पाळू चढायला लागली.

वैजनाथ वरच होता. फारुक ट्रॅक्टर घेऊन त्याच्याकडे आला होता. कमलबाईनं दोघांना खाली आणलं आणि गडव्याच्या तळाची माती दाखवली. वैजनाथचा चेहरा उतरला, पण डोकं लगेच चालायला लागलं.

"दोन ट्रॉल्या चिकणमाती आणतो आन् भोक बुजवून टाकतो. वरून दगड ठेवतो. तासाभराचं काम."

"बुजवायचं न्हाई," मागून मदीनाबी म्हणाली. ती लेकरांना शिलाच्या, म्हणजे वैजनाथच्या बायकोच्या, हवाली करून आली होती. "तुझ्या बापानं सांगून ठेवलंय. इथं कोंडलं तर पाणी दुसरीकडून फोडंल. पाणी येऊ द्यायचं, माती तेवढी धरायची. रेती टाकायची. म्हणून तर ते ढीग होते. तू नेले तवा मला वाटलं, नवी आणून टाकशील."

सगळ्यांनी ढिगांच्या जागेकडे पाहिलं. बाभळीचे काटे तेवढे पडले होते, आणि त्यांच्या मधे गवत.

कमलबाई म्हणाली, "खळ्यात गेली ती. मीच दिली." तिला लाज वाटली, पण लाजेत घालवायला वेळ नव्हता. "वैजनाथ, आधी सांडव्यातल्या गोण्या काढ."

वैजनाथ हलला नाही. "माय, पाणी सोडलं तर पौषात हळदीला काय देऊ? पाच एकर उभी हाय. कंद भरायच्या टायमाला पाणी तुटलं तर सगळा हंगाम गेला. जरा थांबू, पाऊस तर उघडून राहिला."

"आन् खाली तीन घरं हाईत."

"घरं रिकामी केली ना चाचीनं."

"आज केली. उद्या सांजच्याला पाळू फुटली तर? नाल्यावर कोण धुणं धूत असंल, कोण ढोरं पाजत असंल, तू सांगशील का जाऊन?" कमलबाईचा आवाज चढला. "तुझ्या बापानं हे तळं बांधलं, वैजनाथ. तळं जाईल म्हणून मला काय कमी वाटतंय? त्याचं दुसरं काय हाय माझ्यापाशी? पण त्यानं ते राखलं. आपण दोघांनी मिळून तीन वर्षांत त्याचं नाक दाबलं आन् रेती बी खाल्ली. जा. गोण्या काढ, आन् टिकाव घेऊन सांडवा आणखी दोन फूट खाली घे. मुरमातच खण, पाळूला हात लावू नको."

वैजनाथ गेला. अफरोज आणि गावातली चार माणसं त्याच्यासोबत गेली. थोड्याच वेळात सांडव्यावरून पाणी सुटल्याचा आवाज आला.

रेतीचं काय, हा प्रश्न उरला होता. तेव्हा फारुक म्हणाला, "मोठीमाय, माझी हाय ना. घरकुलाची. दारातच पडलीय, बारीक बी हाय, जाड बी हाय. खडी बी."

फारुकचं पक्कं घर मंजूर होऊन पाया झाला होता. भिंती दिवाळीपर्यंत उभ्या करायच्या असा त्याचा बेत होता.

कमलबाई म्हणाली, "अरे, तुझ्या भिंती..."

"भिंती काय, पुढच्या साली उभ्या राहतील. पाळूच गेली तर कोणत्या पायावर उभ्या करू?" असं म्हणून त्यानं ट्रॅक्टर सुरू केला.

रेती आली. आणि तिथं काम अडलं. कारण रेती टाकायची होती ती बराबर त्या सात गोट्यांच्या जागी. आसरा उचलल्याशिवाय टाकता येत नव्हती, आणि मांडलेल्या आसरा कुणी हलवत नाही. फारुक फावडं टेकवून उभा राहिला. "मी हात न्हाई लावणार, मोठीमाय. उद्या कुणाच्या लेकराला साधी सर्दी झाली तरी माझ्या नावावर येईल." वैजनाथला बोलावलं. तो आला, वाकला आणि हात मागे घेतला. काठावर जमलेल्या बायकांत कुजबुज सुरू झाली. सखुबाई तर स्पष्टच बोलली, "कमल, देवीच्या कोपाचं बघ बाई. दुसरीकडं टाका ना रेती."

कमलबाई गुडघ्यावर बसली. सव्वीस वर्षं ज्यांच्यापुढे डोकं टेकवलं त्या गोट्यांकडे तिनं पाहिलं. तिला भीती वाटली, नाही असं नाही. दगडोबानं मांडले ते नुसते गोटे, असं आता कळलं होतं. पण इतक्या वर्षांच्या हळदकुंकवानं त्यांच्यात काहीच आलं नसेल, हे तिला मान्य नव्हतं. ती हळूच म्हणाली, "बायांनो, उठा आता. घर गळतंय." आणि पहिला गोटा उचलून तिनं पदरात घेतला. मग दुसरा. सातवा सगळ्यात मोठा होता, तो उचलायला मदीनाबीनं खालून हात लावला, आणि सातही गोटे कमलबाईनं बाजूच्या गवतावर ठेवले.

गोट्यांखाली सगळ्यांना दिसलं ते असं. मधोमध पाण्यानं सगळं उधळून नारळाएवढं भोक पाडलं होतं. पण कडेला दगडोबाचं काम अजून जसंच्या तसं होतं. सगळ्यात खाली बारीक रेतीचा थर, त्यावर जाड रेतीचा, त्यावर बोराएवढ्या खडीचा, प्रत्येक थर हातभर आणि कडा चाकूनं कापल्यासारखी. तेवीस वर्षं याच थरांनी पाणी जाऊ दिलं होतं आणि माती धरली होती. दीड फूट पाणी वाढलं आणि जोर वाढून ते मधूनच फुटले. कसं करायचं हे कुणाला विचारायची गरजच राहिली नाही. वैजनाथनं बापाच्या थरांकडे बराच वेळ पाहिलं, फारुकच्या हातातलं फावडं घेतलं आणि आधी बारीक रेती टाकायला सुरुवात केली.

पहिली दोन-तीन घमेली पाण्यानं उडवून लावली. मग फारुक म्हणाला, आधी जरा मोठी खडी टाकून जोर मोडू. तसं केलं, आणि रेती बसायला लागली. बारीक, जाड, खडी. दुपार कलली तेव्हा ढीग गुडघ्याएवढा झाला होता आणि त्याच्यातून पाणी पाझरत होतं, उसळत नव्हतं. कमलबाई दर थोड्या वेळानं गडवा भरायची, उन्हात ठेवायची, तळ बघायची. चौथ्यांदा गाळ निम्मा झाला. सहाव्यांदा चिमटीत येईल एवढाच. वर सांडव्यातून तळं खाली चाललं होतं. काठावर ओल्या मातीचा पट्टा हातभर उघडा पडला होता. दिवस मावळायच्या आत मदीनाबीनं स्वतः एक गडवा भरला, बघितला आणि कमलबाईच्या हातात दिला. तळाला स्टील चमकत होतं.

गवतावरचे सात गोटे कमलबाईनं खडीवर परत मांडले. जोर दाबायला वजन हवंच होतं. मग तिनं त्यांना हळदकुंकू लावलं, ते मात्र वजनासाठी नव्हे.

मदीनाबीचं सगळं घर पुढचे चार दिवस कमलबाईच्या ओसरीवर होतं. वैजनाथनं एका निवृत्त इंजिनिअराला गाडीवर बसवून आणलं. त्यानं पाळू पायानं ठोकून पाहिली, थर पाहिले आणि विचारलं, हे कुणी केलं? मग सांगितलं, यंदा पाणी इतकंच खाली ठेवा, उन्हाळ्यात तळं कोरडं झालं की पाळूचं पोट तेवढं उकरून नव्यानं भरा, आणि तोवर रोज नजर ठेवा. पाच एकरांपैकी दोन एकर हळदीला पाणी पुरणार नव्हतं. वैजनाथनं ते मुकाट्यानं मान्य केलं. जाताना इंजिनिअरनं विचारलं, की रोज नजर कोण ठेवणार? तेव्हा अंगणात तांदूळ निवडत बसलेल्या कमलबाईनं नुसता हात वर केला.

पाचव्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी ताट घेऊन गेली. पण ताटात आता गडवाही होता. बाभळीच्या काट्यांच्या कुंपणात नव्या रेतीचा ढीग पडला होता. वैजनाथनं कालच आणून टाकला होता, न सांगता. तिनं आधी गडवा भरला, तो उन्हात ठेवला आणि मग पूजा केली. निघताना गडव्याचा तळ पाहिला.

घरी आली तर चुलीवर चहा नव्हता. शिलानं तो ओसरीत नेऊन दिला होता. दगडोबाच्या बाजेवर वैजनाथ बसला होता, समोर कप, वाफ निघत होती. त्यानं कपाला हात लावलेला नव्हता.

"पाणी कसं व्हतं, माय?"

कमलबाई दारातच थांबली. तीन वर्षं तिला हे कुणी विचारलं नव्हतं.

"कसं असणार?" ती म्हणाली. "पाण्यासारखं."

"नितळ व्हतं का?"

तिनं ताट खाली ठेवलं, पदर डोळ्यांना लावला, आणि मग म्हणाली, "व्हय बाबा, नितळ."

वैजनाथनं कप उचलला.